आधी लागेल ते वर

दसरा झाला की आमच्या नांदूरघाटात ऊसतोडीला जाणाऱ्या घरांमधून बांधाबांध सुरू व्हायची. मुकादमाची उचल घेतलेली असायची, ट्रॅक्टर कधी दारात येईल याचा नेम नसायचा. आईचं एकच सांगणं: आधी लागेल ते वर. तवा, काडेपेटी, बॅटरी वर; धान्याचं पोतं तळाला. रात्री-बेरात्री फडावर उतरायचं, अंधारात हात घातला की वस्तू सापडली पाहिजे.

कॉलेजात एनसीसी घेतली, पॉइंट टू-टू रायफल हातात आली आणि पुढे बालेवाडीच्या रेंजवर 50 मीटर थ्री पोझिशनपर्यंत पोचले. गावाकडे कुणी म्हणायचं, ‘पन्नास मीटर? तेवढा तर गोफणीचा दगडबी जातो!’ जातो की. पण दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम 10.4 मिलिमीटरचं, आणि वारा एवढ्याशा गोळीला सहज बाजूला ढकलतो. 1 ऑगस्ट 2024 रोजी राधानगरीकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने याच प्रकारात ऑलिंपिक ब्राँझ जिंकलं, तेव्हापासून ही थट्टा थांबली.

रायफल क्लबची होती. बॅग माझी, भरायची रीत आईची. या प्रकारात नेम धरायचा तो आधी गुडघ्यावर, मग झोपून, शेवटी उभ्याने. प्रत्येकी 20 गोळ्या. वेळ घड्याळाचा, पोझिशन बदलण्यातच निम्मा जीव जातो. म्हणून जॅकेट-पँट अगदी वर, लगोलग घोट्याखाली घ्यायचा रोल, पट्टा, हातमोजा. उभ्याने मारताना पट्टा चालत नाही; तेव्हा लागणारा पाम रेस्ट, म्हणजे रायफलीखालचा हाताचा टेकू, तळाला. रायफल जुळवायचे पाने बाजूच्या खिशात. रोल नियमाने 25 सेंटिमीटर लांब, 18 जाड, त्याहून मोठा नाही. माझा आईने शिवला, आत सरकी भरली. तपासणीच्या टेबलावर त्याला कुणी कधी हरकत घेतली नाही.

जॅकेटची गोष्ट वेगळी. कॅनव्हास-चामड्याचं, इतकं ताठ की आजीने अंगणात वाळत ठेवलं तर म्हणाली, ‘हे तर उभंच राहतंय!’ रायफल चौघांत वाटून घेता येते, रेंजही, जॅकेट नाही. ते एकाच अंगाच्या मापाचं असतं. खेड्यातल्या पोरी रायफलीवाचून अडतात असं सगळे म्हणतात. मला वाटतं, त्या जास्त करून जॅकेटपाशी अडतात.

परवा भाचीने माझं घालून पाहिलं. खांद्यात सैल, कमरेत घट्ट. ‘आत्या, चालवून घेते,’ म्हणाली. मी नाही म्हटलं. रोल मात्र दिला. आतली सरकी जुनी झालीय, बदलून घे म्हणाले.