मुक्कामाची जागा

स्मरणिकेसाठी खेळाविषयी काही लिहावे, असा विद्यालयाचा निरोप आला, तेव्हा आम्हां माजी विद्यार्थ्यांना प्रथम आठवले ते बास्केटबॉलचे मुरमाड मैदान. सकाळची वंदना आटोपली की आम्ही तेथे उतरत असू. पण त्या मैदानाइतकीच एक रात्रही आमच्या स्मरणात आहे. जिल्ह्याच्या सामन्यांना गेलो असता इतर संघांना निवासासाठी खोल्या मिळाल्या आणि आम्हाला उघडा व्हरांडा. कारण कोणी सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही. परत आल्यावर आमच्या क्रीडाशिक्षकांनी त्यावर काही भाष्य केले नाही. त्यांनी अमेरिकेतील एका स्पर्धेची हकीकत तेवढी सांगितली.

ती स्पर्धा लहान महाविद्यालयांची. 1937 साली कॅन्सस सिटी येथे तिचा आरंभ झाला, तेव्हा अवघे आठ संघ होते. पुढच्याच वर्षी बत्तीस झाले. आठवडाभरात लागोपाठ पाच सामने जिंकील तोच संघ राष्ट्रीय विजेता. 1891 मध्ये या खेळाची निर्मिती करणारे डॉ. जेम्स नेस्मिथ यांचाही या स्पर्धेच्या उभारणीत हातभार होता. मात्र कृष्णवर्णीय खेळाडूंना तिचे दार बंद होते.

1947 साली इंडियाना स्टेट महाविद्यालयाच्या संघाला निमंत्रण आले. क्लॅरेन्स वॉकर या आपल्या कृष्णवर्णीय खेळाडूला वगळावे लागेल, हे कळताच प्रशिक्षक जॉन वुडन यांनी ते नाकारले. पुढल्या वर्षी हा नियम उठला आणि वॉकर खेळला. त्याचा संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला व लुईव्हिलकडून पराभूत झाला. पण मैदानावर सहकाऱ्यांच्या खांद्याला खांदा लावणाऱ्या वॉकरला रात्री त्यांच्या हॉटेलात जागा नव्हती. त्याचा मुक्काम शहरातील एका कृष्णवर्णीय कुटुंबाकडे होता. हे ऐकताना आम्हाला आमचा व्हरांडा आठवला. सरांनाही ते ठाऊक असावे.

मग त्यांनी जॉन मॅक्लेंडन यांच्याविषयी सांगितले. कॅन्सस विद्यापीठात नेस्मिथ यांच्या हाताखाली शिकलेले हे गृहस्थ. पण वर्णभेदामुळे त्याच विद्यापीठाच्या संघातून त्यांना खेळता आले नाही. पुढे ते टेनेसी ए अँड आय या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयाचे प्रशिक्षक झाले. 1954 साली कॅन्सस सिटीतील याच संघटनेच्या एका स्पर्धेचे निमंत्रण आले, तेव्हा त्यांनी आधीच अट घातली : इतर संघ जेथे उतरतील तेथेच माझी मुले उतरतील, आणि जेथे ते जेवतील तेथेच जेवतील. अट मान्य झाली. त्यानंतर 1957, 1958 आणि 1959 अशी सलग तीन वर्षे याच महाविद्यालयाने राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. तोवर लागोपाठ तीन राष्ट्रीय विजेतेपदे कोणत्याही महाविद्यालयीन संघाने मिळवली नव्हती.

आम्ही टाळ्या वाजवल्या. सर म्हणाले, “टाळ्या कशाला वाजवता? विजेतेपदाला, की अटीला?” आम्हाला उत्तर देता आले नाही.

दुसऱ्या वर्षी प्रवेशअर्जासोबत सरांनी एक पत्र जोडले. भाषा अत्यंत नम्र होती. इतर संघांची व्यवस्था जेथे असेल तेथेच आमच्या संघाची असावी, अन्यथा तसे आगाऊ कळवावे, म्हणजे आम्ही येणार नाही, एवढाच मजकूर. त्याखाली कर्णधारासह आम्हा सर्वांच्या सह्या घेतल्या. सही करताना आमचे हात थरथरत होते. कारण त्या सामन्यांसाठी आम्ही वर्षभर घाम गाळला होता, आणि उत्तर प्रतिकूल आले असते तर ते सारे वाया जाणार होते.

उत्तर आले नाही. पण तेथे पोहोचलो तेव्हा खोली मिळाली. पहिल्याच फेरीत आम्ही हरलो. ढाल घेऊन परतणे आमच्या नशिबी नव्हते, तरी त्या रात्री इतर संघांच्या शेजारच्या खोलीत आम्ही गाढ झोपलो.

वसतिगृहाच्या भोजनगृहात आम्ही सारे एकाच पंगतीत बसत असू. तेव्हा ते इतके साधे वाटे की त्याचे मोल आम्हाला उमगले नाही. आज त्याच पंगतीत बसणाऱ्या आमच्या धाकट्या भावंडांना इतकेच सांगावेसे वाटते : चेंडू हाती घेण्याआधी मुक्कामाचे विचारून घ्या, आणि विचारताना आवाज नम्र असू द्या, पण मान खाली नको.