एप्रनच्या आतला बॅज

गडचिरोली जिल्ह्याला रेल्वे म्हणजे वडसाच, आणि ऐंशीच्या दशकात तीही छोटी लाइन. त्या काळात आमच्या एक्सरे खोलीतले किरण मोजणारे टीएलडी बॅज दर तीन महिन्यांनी रजिस्टर टपालानं मुंबईला जायचे, भाभा अणुसंशोधन केंद्राकडे. प्लास्टिकच्या डबीत पातळ पट्टी, तिच्यावर शर्टाच्या बटणाएवढ्या तीन चकत्या. एक धातूच्या आड, एक प्लास्टिकच्या आड, तिसरी उघडी. तिकडे त्या तापवल्या की उजेड देतात, आणि जितका उजेड तितकं किरण अंगावर गेलेलं.

आमच्या अटेंडंटला हे काही पटेना. "हे लावलं का किरण येत नाही का जी?" येतं रे बाबा, बॅज अडवत नाही, नुसतं मोजतो. "मंग काहून लावाचं?" या प्रश्नाला नियमपुस्तकात उत्तर नव्हतं. दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं सुरू झाली की रात्रभर जागून आलेला माणूस डार्करूमच्या लाल उजेडात 'इंदू'ची फिल्म हायपोत बुडवता बुडवता पेंगायचा, त्याला बॅजचं काय पडलंय! पडला तर भरून द्यावा लागेल म्हणून काहींनी तो कपाटात कुलूपबंद ठेवलेला. तीन महिन्यांनी रिपोर्ट यायचा, शून्याजवळचा. सगळे खूश.

एकदा उलटं झालं. एकानं बॅज शिशाच्या एप्रनच्या आत छातीवर लावायचा सोडून एप्रनवर लावला, आणि तो एप्रन तसाच मशीनजवळच्या खिळ्याला टांगून ठेवला. तीन महिने बॅजनं एकट्यानं एक्सरे खाल्ले. आकडा आला भलामोठा, मागोमाग खुलाशाचं पत्र. त्या गड्याच्या घरी रडारड. मग आमच्या डॉक्टरसाहेबांनी फर्मान काढलं: बॅज दिसला तरच हजेरीपटावर सही. कुणाला राग आला, पण मला विचाराल तर त्या एका सहीनं जे केलं ते दहा परिपत्रकांनी केलं नसतं.

आता लाइन ब्रॉडगेज, डार्करूम गेली, फोटो संगणकावर क्षणात. अंगावर जाणाऱ्या किरणांची मर्यादाही कडक झाली. पूर्वी वर्षाला 50 मिलिसिव्हर्ट चालायचे, आता पाच वर्षांत मिळून 100 आणि कुठल्याही एका वर्षात 30 च्या वर नाही. अणुऊर्जा नियामक मंडळ 1983 सालचं, 2004 चे नियम त्याच्या हाती, मशीनचा परवानाही ऑनलाइन. कागद कसा चोख! पण छातीवर पाहावं तर पंचाईत. आमच्या वेळी एक तंत्रज्ञ एकाच खोलीत म्हातारा व्हायचा. आता मुलं कंत्राटावर येतात-जातात, आणि गेलेल्याच्या नावाचा बॅज नवा मुलगा लावून बसतो. मग तो डोस कुणाच्या खात्यात गेला?

खरं तर प्रत्येकाला स्वतःचा कायमचा क्रमांक मिळतो, नोकरी बदलली तरी तोच चालतो, जन्मभराचा हिशेब त्याच्यावरच चढतो. परवा अशाच एका नव्या पोराला विचारलं, "तुझा क्रमांक काय?" त्यानं मोबाइल नंबर सांगितला. म्हटलं, आधीच्या दवाखान्यात फोन लाव. लावला. पलीकडच्या बाबूला टीएलडी बॅज म्हणजे काय, इथपासून सुरुवात करावी लागली.