विचारले कोणी?

आमच्या राजपुऱ्यातील घरी भाऊबीजेला अमरावतीहून आमचे शालक आले की, वेगळ्या विदर्भाचा विषय निघाल्यावाचून राहत नाही. "भाऊजी, मध्यप्रदेशात राहून तुमची मराठी टिकली, मग मराठी राज्ये दोन झाली तर बिघडले कोठे?" असे ते यंदा म्हणाले आणि आम्ही निरुत्तर झालो.

१९५६ पूर्वी नागपूर ही आम्हां बऱ्हाणपूरकरांचीही राजधानी होती. फाजल अली आयोगाने १९५५ मध्ये वेगळ्या विदर्भाची शिफारस केली. परंतु १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आमचा निमाड मध्यप्रदेशातच राहिला. वडील म्हणत, "रेषा ओढली गेली, विचारले कोणी नाही."

गोव्याला मात्र विचारले गेले. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात तेथील जनतेने महाराष्ट्रातील विलीनीकरण ३४,०२१ मतांच्या फरकाने नाकारले. वडिलांना त्याचे वाईट वाटे. तरीही कौल त्यांनी मानला.

आमचे मन अखंड महाराष्ट्राकडेच ओढ घेते. तथापि सीमेबाहेर राहणाऱ्याने आपली ओढ दुसऱ्याच्या मतपेटीत टाकू नये. विदर्भालाही एकदा विचारावे. उत्तर काहीही येवो, भाऊबीजेचा पाट मांडलेलाच राहील.