दर वेळी वेगळी जागा

आमच्या वाचनालयाचा संगणक इंटेलच्या चौथ्या पिढीचा. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि विंडोज ११च्या अटींत हे मशीन बसत नाही. चालतं मशीन भंगारात घालवायचं मला पटेना, म्हणून लिनक्स मिंट टाकायला घेतलं.

फाइली कॉपी होता होता इन्स्टॉलर कोसळला. एरर क्रमांक ५, इनपुट-आउटपुट एरर. खाली लिहिलेलं : डिस्क किंवा हार्डडिस्क खराब असू शकते. ग्रंथपाल बाईंनी लगेच विचारलं, "सर, नवी हार्डडिस्क मागवू का?" म्हटलं, "मॅडम, जरा थांबा." वर्गणीच्या पैशांतून अंदाजाने पार्ट बदलणं मला मुळीच मान्य नाही.

डाउनलोड केलेल्या आयएसओचा चेकसम घरच्या लॅपटॉपवर जुळला. पेनड्राइव्ह बदलला, तरी तेच. मग बूट मेनूतली इंटिग्रिटी चेक चालवली. एकदा पास झाली, लगेच पुन्हा चालवली तर नापास! पेनड्राइव्हवरचा बिघाड असता तर तो दर वेळी त्याच जागी सापडला असता. कर्नलच्या नोंदींतही स्क्वॅशएफएसची एरर दर वेळी निराळ्या ब्लॉकवर दिसत होती. इथे माझा संशय रॅमवर गेला. इन्स्टॉल होताना अख्खी सिस्टिम दाबून भरलेल्या स्क्वॅशएफएस फाइलीतून मेमरीत उलगडली जाते. त्यात एक बिट जरी उलटला तरी तो ब्लॉक उलगडत नाही, आणि इन्स्टॉलर बिचारा डिस्कला दोष देतो.

मेमटेस्ट लावला. काही वेळाने लाल ओळी उमटू लागल्या. लिहिलेला आकडा आणि वाचलेला आकडा शेजारी शेजारी, फरक फक्त एका बिटाचा. ४ जीबीच्या दोन स्टिक होत्या. सोनेरी पट्ट्या खोडरबराने पुसल्या, एकेक स्टिक वेगळी तपासली, स्लॉटही बदलले. एरर एकाच स्टिकच्या मागे फिरत राहिली. ती काढली, आणि उरलेल्या ४ जीबीवर मिंट विनातक्रार बसलं. एवढी मेमरी त्याला पुरते.

पण माझी खरी काळजी पुढचीच होती. रॅम कधीपासून बिघडली होती कोण जाणे, आणि तिच्यातूनच ग्रंथसूची सेव्ह होत होती. बाईंनी दाखलनोंद रजिस्टर काढलं. आता रोज दुपारी आम्ही एकेक नोंद वाचून ताडून पाहतो आहोत.