बागेचं बिल



या पानावर गेले काही महिने बागांच्या आठवणी भरभरून येतायत. कुणाच्या अंगणातला प्राजक्त, कुणाच्या वाड्यातला कवठी चाफा. वाचून बरं वाटतं. मी बी.कॉम. माणूस, छत्तीस वर्षं बँकेत खुर्ची झिजवलेला. त्यामुळे मी बागेवर नाही, बागेच्या बिलावर लिहिणार आहे. हसा खुशाल, पण वाचा. तुमच्यापैकी प्रत्येकाच्या घरी माळी येतो आणि तुमच्यातले निम्मे तरी आपापल्या कॉलनीच्या समितीवर आहेत.

आपल्या इंदूरचे पत्तेच बागांचे. रामबाग, नारायण बाग, छत्रीबाग, लालबाग, माणिकबाग. तुकोजीराव होळकरांच्या काळात पॅट्रिक गेडीससाहेब इथे आले आणि १९१८ साली त्यांनी शहराच्या रचनेवर दोन खंडांचा अहवाल दिला, त्यात बागांना मानाची जागा आहे. पुढे यशवंतराव होळकरांनी जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियसकडून माणिकबाग पॅलेस बांधून घेतला. त्या पॅलेसमध्ये आज कोणतं ऑफिस आहे ठाऊक आहे ना? केंद्रीय जीएसटीचं! बाग आणि टॅक्स यांचं नातं आपल्या गावात असं पक्कं आहे.

पण आपल्या मराठी घरांत माळ्याला बिल कधी कुणी मागितलं नाही आणि त्यानेही दिलं नाही. आमच्याकडे येणारे माळीबाबा निमाडातले. पहाटे येत, पूजेची फुलं ओट्यावर पानात ठेवत, आळी करून पाणी घालून जात. महिन्याचे पैसे आई हातावर ठेवायची. दिवाळीला एक धोतरजोडी, फराळ, आणि मुलीच्या लग्नाला उचल. उचल कधी फिटली, कधी नाही, याचा हिशेब फक्त आईच्या डोक्यात. त्या व्यवहारात माया होती हे मी नाकारत नाही. पण ती मायासुद्धा आपल्या सोयीची होती, हेही आता या वयात लिहायला हरकत नाही.

त्याच माळीबाबांचा धाकटा मुलगा आज पन्नाशीला आलाय. नाव लिहीत नाही, त्याला ते आवडणार नाही. त्याने धंदा वाढवला. आता तो एकेका घरी पाणी घालत फिरत नाही, कॉलन्यांच्या बागा करतो, शाळांची लॉन करतो, पीथमपूरच्या एका कारखान्याची हिरवळ सांभाळतो. हाताखाली अकरा माणसं. कार्डावर ‘लँडस्केपिंग’ असं छापलंय. मला काका म्हणतो, आमच्या हिला काकी.

दोन वर्षांपूर्वी, २०२३ च्या ऑक्टोबरात, तो घरी आला. त्याला छोटा हाथी घ्यायचा होता. रोपं, माती, खत भाड्याच्या गाडीतून नेताना निम्मा नफा भाड्यात जातो म्हणाला. ‘काका, बैंक में अपनी पहचान है ना?’ मी म्हटलं, ओळख आहे, पण बँक ओळखीवर नाही, कागदावर कर्ज देते. कागद आण.

दुसऱ्या दिवशी कापडी पिशवी घेऊन आला. तीत तीन डायऱ्या, कॅलेंडरची फाडलेली पानं, पेट्रोल पंपाच्या पावत्या, आणि एक बिलबुक. बिलबुक पाहून मला धक्काच बसला. छापखान्यातून दुसऱ्या कुणाचा नमुना उचलून छापून घेतलेलं. वर ‘जीएसटी क्रमांक’ आणि पुढे रिकामी जागा. आत लिहिलेलं: ‘गार्डन का काम – १,८५,०००, जीएसटी एक्स्ट्रा’. तारीख नाही, नंबर नाही, किती फूट लॉन, किती रोपं, काही नाही. आणि जीएसटीची नोंदणीच नसलेल्या माणसाला बिलात जीएसटी मागताच येत नाही, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

हे १,८५,००० चं बिल एका कॉलनीच्या रहिवासी समितीचं. काम २०२२ च्या पावसाळ्यातलं. दोन हप्त्यांत ७०,००० मिळाले, १,१५,००० बाकी. मधल्या उन्हाळ्यात कॉलनीची बोअर आटली, टँकर बंद झाला, रोपं वाळली. मग निवडणूक होऊन नवी समिती आली. नवे अध्यक्ष म्हणाले, ‘पुराने वालों से पूछो.’ जुने म्हणाले, ‘अब तो हम हैं नहीं.’ हा दर महिन्याला जायचा, गेटवरच्या गार्डबरोबर बिडी ओढायचा आणि परत यायचा. त्या पैशाच्या भरवशावर त्याने रोपवाटिकेतून उधारीवर माल घेतला होता. ती उधारी फेडायला बायकोच्या पाटल्या मोडल्या. हे त्याने मला सांगितलं नाही, आमच्या हिला सांगितलं.

मी विचारलं, पक्कं बिल वेळेवर का नाही दिलंस? उत्तर ऐका. ‘काका, बिल दूँगा तो बुरा मान जाएँगे. लगेगा कि भरोसा नहीं है.’ हे वाक्य त्याच्या वडिलांकडून आलेलं आहे, आणि वडिलांकडे आपल्या ओट्यावरून.

बागेच्या कामाची एक अडचण इतर कामांना नसते. भिंत बांधली तर ती दहा वर्षांनीही मोजता येते. सहा ट्रॉल्या काळी माती आणि दोन ट्रॉल्या शेणखत जमिनीत मिसळलं की संपलं, कुणाला दाखवणार? आपली माळव्याची माती चिकट. पावसात फुगते, उन्हात भेगाळते. लॉन लावायचं तर तीत वाळू मिसळावी लागते, उतार काढावा लागतो, नाहीतर पाणी साचून गवताची मुळं कुजतात. हे सगळं काम वरून दिसत नाही. दिसतं ते फक्त हिरवं गवत, आणि तेही चार महिने कापलं नाही की जंगल होतं. म्हणून या धंद्यात काम झालं त्याच दिवशी कागद झाला नाही, तर काम झालंच नव्हतं असं म्हणायला समोरचा मोकळा.

आम्ही महिनाभर रोज संध्याकाळी बसलो. त्याची मुलगी बारावी कॉमर्सला होती, ती मोबाइलवर टंकायची. आधी कोटेशन: लॉन चौरस फुटात, कुंपणाची मेंदी रनिंग फुटात, रोपं नगावर, माती-खत ट्रॉलीवर, मजुरी वेगळी. मग माल साइटवर उतरला की चलान, तीन प्रती, एकीवर घेणाऱ्याची सही. गार्डची असली तरी चालेल, पण सही हवी. मग बिल. बिलाला क्रमांक, तारीख, घेणाऱ्याचं पूर्ण नाव-पत्ता, प्रत्येक ओळ कोटेशनशी जुळणारी, आधी मिळालेली रक्कम वजा, बाकी किती आणि कधीपर्यंत. खाली बँकेचं खातं आणि क्यूआर कोड. कामाआधीचा आणि नंतरचा फोटो तो काढायचाच. तो आता बिलाबरोबर जातो.

सगळ्यात जास्त भांडण झालं मेलेल्या रोपाच्या ओळीवरून. रोप मेलं तर कुणाचं? त्याचं म्हणणं, पाणी त्यांनी नाही दिलं, मी का भरू? मी म्हटलं, हेच आधी लिही. शेवटी अशी अट ठरली: देखभाल त्याच्याकडे असेल तर तीन महिन्यांत मेलेलं रोप तो फुकट बदलून देईल. देखभाल आणि पाणी गिऱ्हाइकाकडे असेल तर लावून झाल्याच्या दिवशी मोजणी, दोघांच्या सह्या, पुढची जबाबदारी गिऱ्हाइकाची. एवढी दोन वाक्यं आधी असती तर पाटल्या वाचल्या असत्या.

मी त्याला सांगितलं की बिलाला शुद्ध भाषेत बीजक म्हणतात. त्याला फार आवडलं. कबीराचं बीजक त्याला भजनमंडळीमुळे माहीत. म्हणाला, ‘फिर तो माली का ही शब्द हुआ.’ आता त्याच्या बिलावर वर ‘बीजक’ असंच छापलेलं आहे. छापखानेवाल्याने दोनदा विचारून खात्री केली.

टॅक्सचा भाग थोडक्यात सांगतो, कारण आपल्यातही पुष्कळांची मुलं असले धंदे करतात. जिवंत रोपांवर जीएसटी नाही. बागेच्या देखभालीच्या सेवेवर १८ टक्के आहे. म्हणून रोपं आणि सेवा वेगळ्या ओळींत हव्यात. ‘गार्डन का काम’ म्हणून एकच आकडा टाकलात तर सगळ्याच रकमेवर १८ टक्के मागितले जाऊ शकतात. आणि सेवा देणाऱ्याची नोंदणीची २० लाखांची मर्यादा मोजताना करमुक्त रोपांची विक्रीही धरावी लागते. हे त्याला अजिबात पटेना. ‘जिस पर टैक्स नहीं, उसको गिनना क्यों?’ मी काय सांगणार! कायदा तसा आहे. पुढच्या वर्षी उलाढाल वर जाणार असं दिसू लागल्यावर त्याला एका सीएकडे पाठवलं. तिथून पुढचं काम माझं नाही.

कारखान्याकडून दर महिन्याला ४२,००० च्या बिलातून ४२० रुपये कापले जायचे. तो वर्षानुवर्षं समजत होता की हे तिथल्या अकाउंटंटचं कमिशन. तो टीडीएस होता, एक टक्का, त्याच्याच पॅनवर जमा. रिटर्न भरलं की परत मिळण्यासारखा. हे कळल्यावर पहिल्यांदा तो माझ्यावर खूश झाला.

नोव्हेंबर २०२३ मध्ये उद्यम नोंदणी केली. ती मोफत आहे, आधारवर होते, कुणाला पैसे देऊ नका. त्याचा नंबर बिलावर घातला आणि खाली एक ओळ: सूक्ष्म उद्योग, पैसे कायद्याप्रमाणे मुदतीत द्यावेत. २००६ च्या कायद्यात लहान उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यायचे आहेत, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज. कायदा जुनाच, पण माळी कारखान्यावर व्याज कुठून लावणार? त्याला दात आले ते आयकराच्या नव्या कलमाने. २०२३-२४ पासून, मुदत उलटलेलं असं देणं ३१ मार्चपर्यंत दिलं नाही तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही.

कारखान्याकडे तीन महिन्यांचे १,२६,००० थकले होते. मार्च २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात तिथल्या अकाउंट्समधून स्वतःहून फोन आला. ‘आपका उद्यम सर्टिफिकेट भेज दीजिए, और बिलों की कॉपी भी.’ त्याने फोन ठेवला आणि मला विचारलं, ‘काका, कुछ गड़बड़ तो नहीं?’ इतक्या वर्षांत पैसे देणाऱ्याने त्याला पहिल्यांदा फोन केला होता. २८ तारखेला पैसे खात्यात. टीडीएस कापून, पै न् पै.

कॉलनीच्या समितीला मात्र हे कलम लागू नाही. ती काही धंदा करत नाही, तिला खर्च दाखवून कर वाचवायचा नाही. शिवाय तिथलं काम नोंदणीच्या आधीचं. तिथे मी माझी जुनी बँकेची युक्ती वापरली. केलेल्या कामाच्या पैशासाठी कोर्टात जायला तीन वर्षांची मुदत असते. मुदतीच्या आत समोरच्याने बाकी लेखी कबूल केली की तीन वर्षं नव्याने सुरू होतात. कर्जदारांकडून असे कागद मी आयुष्यभर सही करून घेतले. मी आणि तो, दोघे समितीच्या बैठकीला गेलो. डायरीतल्या नोंदी, ट्रॉलीवाल्याच्या पावत्या, जुने फोटो मांडले. मेलेली ४६ रोपं, प्रत्येकी ५०० धरून, २३,००० आम्हीच वजा केले. त्यावर त्यांचाही आवाज खाली आला. खजिनदार आपल्यातलेच, मराठी. म्हणाले, ‘भाऊसाहेब, तुम्ही कशाला या भानगडीत?’ मी म्हटलं, सही करा, मग सांगतो. ९२,००० च्या बाकीवर शिक्क्यासकट सही झाली, नोव्हेंबर २०२३.

यंदा त्याला कर्ज मिळालं, मुद्रा योजनेतून, पाच लाखांच्या आत. मॅनेजर मुलीच्या वयाची होती. तिने बिलांची फाइल उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, ही कुणी ठेवली? त्याने सांगितलं, मेरी बेटी ने. खरंच आहे ते. ती आता बी.कॉम. करते आहे आणि मला ‘खतावणी’ आणि ‘रोजकीर्द’ हे शब्द विचारून घेते. एप्रिलमध्ये तिने नव्या वर्षाची मालिका पुन्हा ००१ पासून सुरू केली, तर बाप रागावला. ‘००१ देखकर लगेगा कल ही दुकान खोली है.’ मग नंबराच्या आधी वर्ष घालायचं ठरलं आणि शांतता झाली.

समितीकडून आजवर ५४,००० आले. ३८,००० बाकी आहेत. त्या कबुलीची तीन वर्षं पुढच्या नोव्हेंबरात संपतात. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही दोघं छोट्या हाथीतून तिकडे जातो. खजिनदार चहा देतात, कधी दोन हजार, कधी तीन हजार देतात. मुलगी पावती फाडते.