तारे नकोत, चौरस मीटर सांगा
(जपानची दैनंदिनी : भाग दुसरा)

रविवार, तोक्यो

नारिता विमानतळावरून सुटलेल्या स्कायलाइनर गाडीने ४० मिनिटांच्या आसपास उएनो गाठलं आणि ठाण्याच्या या कुटुंबातला पहिला वाद निकालात निघाला. आई, बाबा, कॉलेजात जाणारी मुलगी आणि सत्तरी ओलांडलेल्या आजी अशी ही चौकडी. हॉटेल ठरवताना बाबा तारे मोजत होते आणि मुलगी स्टेशनपासूनची मिनिटं. शेवटी मुलीचं ऐकलं, ते बरं झालं. यामानोते ही तोक्योची गोल फिरणारी रेल्वे आहे. तिची ३० स्थानकं आहेत आणि सुमारे साडेचौतीस किलोमीटरचा फेरा तासाभरात पुरा होतो. त्या गोलावर, स्टेशनपासून पाच-सात मिनिटांवर राहायला मिळालं की दमलेल्या आजींना दुपारी खोलीवर आणून सोडता येतं. लांबच्या चकचकीत हॉटेलात ही सोय नाही.

खोली तीन वाजता मिळणार होती. बहुतेक ठिकाणी चेक-इनची वेळ हीच, आणि लवकर द्या म्हणून गळ घालण्यात अर्थ नाही. बॅगा मात्र काउंटरवर विनातक्रार ठेवून घेतल्या. पासपोर्टच्या झेरॉक्स काढल्या गेल्या, तेव्हा बाबांच्या कपाळावर आठी पडली. पण जपानात घर नसलेल्या परदेशी पाहुण्यांसाठी तो सरकारी नियमच आहे.

आई-बाबांची खोली १३ चौरस मीटरची निघाली, म्हणजे जेमतेम १४० चौरस फूट. ‘सेमी-डबल’ पलंग १२० सेंटिमीटर रुंद, आणि तो दोघांसाठी म्हणून विकला जातो! दोनपैकी एका वेळी एकच बॅग उघडता येत होती. दुसरी टेबलाखाली सरकवायची. टब, बेसिन, कमोड सगळं एकाच साच्यातून काढल्यासारखं. आजी आत डोकावून म्हणाल्या, “अगं, हे तर विमानातलं बाथरूम!”

या बाथरूमला इतिहास आहे. १९६४च्या ऑलिंपिकसाठी तोक्योत न्यू ओतानी हे हजारावर खोल्यांचं हॉटेल घाईने उभं राहत होतं. प्रत्येक खोलीत फरशा बसवत बसलं तर वेळेत पुरं होणार नव्हतं. म्हणून टोटो कंपनीने कारखान्यात तयार केलेली न्हाणीघरं आणून बसवली. पुढे साऱ्या देशाने ती उचलली.

सोमवार, तोक्यो

नाश्त्याला मुलीने एक कोडं सोडवलं. तीच खोली एका माणसासाठी शोधली की एक दर, दोघांसाठी शोधली की दुसरा. जपानात भाडं पुष्कळदा माणशी धरतात. शोधताना माणसं कमी टाकून काउंटरवर “अजून एक आहे” म्हणायची आपली सवय इथे चालत नाही. चौघांना एका खोलीत झोपवणारी हॉटेलंही थोडी.

दुपारी जेवायला निशी-कासाई. संगणक क्षेत्रातल्या भारतीयांची ही वस्ती तोक्योच्या एदोगावा भागात आहे. पुण्याशी नातं असलेले योगेंद्र पुराणिक २०१९मध्ये इथल्याच सभागृहावर निवडून आले. मेट्रोच्या तोझाई मार्गाने शहराच्या मध्यात थेट येता येतं. डाळ-भाताशिवाय ज्यांचं भागत नाही, त्यांनी मुक्कामासाठी हा भाग नक्की पाहावा. प्रेक्षणीय असं तिथे काही नाही, हेही सांगितलेलं बरं.

बुधवार, क्योतो

मोठ्या बॅगा कुरिअरने पुढे गेल्या. ‘ताक्क्युबिन’ म्हणतात त्या सेवेला, आणि हॉटेलचा काउंटर ती करून देतो.

इथे खोलीभाड्यावर शहराचा निवासकर वेगळा. ऑक्टोबर २०१८मध्ये सुरू झाला, मार्च २०२६पासून वाढला. तो माणशी, दर रात्रीला लागतो. माणशी भाडं ६ हजार ते २० हजार येनच्या दरम्यान असेल तर ४०० येन, आणि सर्वांत महागड्या खोल्यांना तब्बल १० हजार. चौघांचे दोन रात्रींचे ३,२०० येन झाले. बुकिंगच्या रकमेत कर धरला आहे का, हे आधीच पाहावं.

शुक्रवार, कोयासान

प्रवासातला खरा मुक्काम हाच.

ओसाकाहून नानकाई रेल्वे, मग केबल कार, मग बस. नवव्या शतकात कूकाई या भिक्षूने वसवलेलं हे डोंगरावरचं मठांचं गाव. शंभरावर मंदिरं, त्यातल्या पन्नासेक मंदिरांत पाहुण्यांची राहायची सोय. पारंपरिक जपानी सरायांमध्ये, म्हणजे र्‍योकानमध्ये, शाकाहाऱ्यांची पंचाईत होते, कारण साध्या सूपच्या पाण्यातही माशाचा अर्क असतो. मठात मांस-मासे नाहीतच, कांदा-लसूणही नाही. ताटात तीळ घालून केलेलं मऊ तोफू आलं, भाज्यांचं तेंपुरा आलं. चातुर्मास पाळणाऱ्या आजी पहिल्यांदाच प्रश्न न विचारता जेवल्या.

अडचणी मात्र आहेत. जेवण संध्याकाळी साडेपाच-सहालाच, उशिरा पोचलात तर उपाशी. बिछाना जमिनीवर, आणि स्वच्छतागृह कित्येकदा सामाईक. रात्री उठताना आजींच्या गुडघ्यांनी कुरकुर केली. तरी पहाटेच्या प्रार्थनेला त्या सर्वांत पुढे बसल्या होत्या.

शनिवार, ओसाका

जगातलं पहिलं कॅप्सूल हॉटेल, म्हणजे खोलीऐवजी झोपण्यापुरता खण देणारं हॉटेल, १९७९मध्ये याच शहरात उघडलं. आराखडा किशो कुरोकावा यांचा. मुलीला तिथल्यासारख्या खणात झोपायचंच होतं. पण खणाला कुलूप नसतं, पडदा असतो. सामान लॉकरमध्ये ठेवायचं, आणि बायकांचा मजला वेगळा आहे की नाही हे आधी विचारायचं. काही ठिकाणी फक्त पुरुषांनाच प्रवेश असतो. एका रात्रीची गंमत म्हणून ठीक, आईने परवानगी दिली.

शनिवारचे दर मात्र चढे होते. एप्रिलअखेरचा ‘गोल्डन वीक’ हा सुट्ट्यांचा आठवडा, ऑगस्टचा ओबोन सण आणि साकुरा, म्हणजे चेरी, फुलण्याचे दिवस यांतही तीच गत. व्हिसाच्या अर्जासोबत रोजच्या मुक्कामाचा तपशील द्यावा लागतो, तेव्हा वाचकहो, आधी रद्द करता येईल असंच बुकिंग करा, आणि पैसे भरण्यापूर्वी पलंगाची रुंदी वाचा.

(क्रमशः)