यवतेश्वरचा घाट, तेव्हाचा आणि आताचा

ऐंशीच्या दशकात साताऱ्यात पहाटे पळणारी पोरं म्हणजे भरतीची पोरं. यवतेश्वरच्या घाटाला लागायचं ते पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांत. टाच झिजली की सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून आत सारायचा आणि तोच जोड आणखी एक हंगाम चालवायचा. अंतर किलोमीटरच्या दगडांवर मोजायचं, वेळ सराव घेणाऱ्या सरांच्या मनगटावरच्या एचएमटी घड्याळावर. परतल्यावर भिजवलेले हरभरे आणि गूळ-शेंगदाणे.

सरांचा नियम एकच: चढावरही गप्पा चालू राहिल्या पाहिजेत. बोलणं तुटलं की वेग कमी करायचा. जोर लावायचा तो आठवड्यातून एकदाच, मैदानावर चारशे मीटरच्या फेऱ्या मारताना.

त्याच घाटात 2012 पासून सातारा हिल हाफ मॅरेथॉन भरते. हजारो लोक 21 किलोमीटर पळतात. कुणाच्या बुटांत कार्बनची पट्टी, कुणाच्या कमरेला जेलची पाकिटं, मनगटावर नाडीचे ठोके मोजणारं घड्याळ. हे चांगलंच झालं. तेव्हा पळताना पाणी पिणं कच्चेपणाचं समजत. नडगी दुखली तर ‘पळूनच बरी होईल’ म्हणत, आणि त्या दुखण्यापायी कित्येक गुणी पोरं कायमची थांबली. मुली तर घाटात क्वचितच दिसत. आणि याच जिल्ह्यातल्या माण तालुक्याची ललिता बाबर 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली!

एक गोष्ट मात्र हातची निसटते आहे: गप्पा मारत सावकाश पळणं. कानात इअरफोन घालून जो तो घड्याळातल्या आकड्याच्या मागे लागतो आणि रोजचा सराव रोजची शर्यत होऊन बसतो. न्यूझीलंडचे आर्थर लिडियार्ड 800 मीटरवाल्या पीटर स्नेललाही आठवड्याला 100 मैल पळवत. स्नेलने 1960 साली रोम ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकलं. सावकाश, लांब पळण्याने हृदय एकेका ठोक्याला जास्त रक्त पुढे ढकलू लागतं, स्नायूंतल्या केशवाहिन्या वाढतात, चरबी इंधन म्हणून वापरायची शरीराला सवय लागते. म्हणूनच आजचे अव्वल धावपटूही बहुतेक अंतर हलक्या वेगानेच कापतात.

तेव्हा नव्या धावपटूंनो, बूट चांगले घ्या, घड्याळ जरूर बांधा, तहान लागली की पाणी प्या. पण सोबतीला कुणीतरी घ्या आणि बोलत पळा. धाप लागून बोलता येईना, तर वेग कमी करा. दमसास असाच वाढतो.